वाचकांचे प्रश्न : वावरात सापडलेली नाणी कोणाची?

मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन सहज मिळू लागला आहे. त्यामुळे जुनी नाणी आणि पुरलेले धन यांविषयीची पत्रे या सदराकडे पूर्वीपेक्षा अधिक येतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न इतरांनाही पडणारे असल्यामुळे त्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने हौसेने मेटल डिटेक्टर घेतला. कुही तालुक्यातील माझ्या मित्राच्या वावरात, त्याच्या परवानगीने, आम्ही दोघे फिरलो. प्रथम व्हिक्टोरिया राणीचे दोन रुपये आणि काही शिवराया (शिवकाळापासून चालत आलेली तांब्याची नाणी) मिळाल्या. नंतर धुऱ्याजवळ फुटक्या मडक्याच्या खापरांमध्ये, मातीने घट्ट चिकटलेल्या करड्या, जड नाण्यांचा किलोभर वजनाचा गोळा निघाला. मित्र अर्धेअर्धे वाटून घेऊ म्हणतो, पत्नी देवघरात ठेवा म्हणते आणि इतवारीतील ओळखीच्या सराफाने वजनावर भाव सांगितला आहे. सरकारला कळवले तर सर्व हातचे जाईल आणि चौकशी मागे लागेल, अशी भीती वाटते. काय करावे? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण तो गोळा अद्याप फोडलेला नाही असे पत्रावरून दिसते, आणि यापुढेही तो फोडू नये. नाणी सुटी करू नयेत, धुऊ नयेत, खापरांचे तुकडे फेकून देऊ नयेत आणि गोळ्याला चिकटलेली माती झाडू नये. वाटणी, देवघर आणि सराफ या तिन्ही पर्यायांचा विचार आपण करत आहात, परंतु या साठ्याचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार आज आपणा कोणाकडेच नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

अशा वस्तूंसाठी १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही गोष्टीत दडवलेली मूल्यवान वस्तू म्हणजे निधी, आणि त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर ज्याला तो सापडला त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे जवळजवळ दहा तोळ्यांची चांदीची नाणी होती. आज तेवढ्यात टपरीवरचा चहा जेमतेम येतो. मात्र कायद्यातील आकडा तोच राहिला आहे, त्यामुळे आपला साठा त्या मर्यादेत बसतो का हा प्रश्नच उद्भवत नाही. सूचनेत तीन गोष्टी असाव्या लागतात : निधीचे स्वरूप आणि त्याचे प्रमाण किंवा अंदाजे मूल्य, तो सापडल्याचे ठिकाण आणि सापडल्याची तारीख. त्याबरोबर निधी जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावा लागतो, किंवा मागणी होताच हजर करण्याची हमी द्यावी लागते.

अर्ज साध्या कागदावर, आपल्या मुलाच्या नावाने करावा, कारण यंत्र त्याच्या हातात होते. वावराचा गट क्रमांक मित्राच्या सात-बारावरून घ्यावा, मित्राचे नाव जमिनीचा मालक म्हणून लिहावे आणि मोबाइलवर काढलेली छायाचित्रे जोडावीत. अर्जाची एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आणि एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला द्यावी. प्रत्येक ठिकाणी तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. पुढे कोणी चौकशीला आले, तर आपल्या बाजूने बोलणारा कागद तोच असेल. वस्तू ताब्यात देताना पंचनामा होईल. त्यात नाण्यांचे वजन आणि ती मडक्याच्या खापरांसह दिल्याची नोंद आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

वाट्याविषयी आपल्या मित्राचा समज अपुरा आहे, पण सर्वस्वी चुकीचा नाही. सूचना मिळाल्यावर जिल्हाधिकारी जाहीर अधिसूचना काढतात आणि दावा सांगणाऱ्यांना हजर राहण्यासाठी चार महिन्यांनंतरची, परंतु सहा महिन्यांच्या आतली तारीख देतात. निधी बेवारस ठरला आणि जमिनीच्या मालकाचा दावा निर्विवाद असला, तर शोधणारा आणि मालक यांच्यात आधी झालेल्या कराराप्रमाणे वाटणी होते. करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. तेव्हा अर्धेअर्धे हे प्रमाण आपल्या दोघांत खरोखर ठरलेले असेल तर ते सांगण्यास हरकत नाही, परंतु प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांसमोर व्हावी. न कळवता वाटून घेतल्यास शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात साथ देणाऱ्या जमीनमालकाचाही वाटा जातो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. मित्रासमोर हा भाग वाचावा. मैत्री टिकवण्यास त्याची मदतच होईल.

सरकारला कळवले तर सर्व हातचे जाते का, या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शासनाला निधी हवा असल्यास जिल्हाधिकारी तो संपादन करू शकतात आणि त्याचा मोबदला म्हणजे धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश, एवढाच कायद्यात आहे. नाणेसंग्राहकांच्या बाजारातील भाव तेथे विचारात घेतला जात नाही. आपल्या वर्णनावरून ही नाणी शिशाची असण्याचा संभव मोठा आहे, आणि किलोभर शिशाची धातू म्हणून किंमत नगण्य असते. म्हणजे आपणास पैसा असा मिळणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा हा मोबदल्याचा नियम, माझ्या मते, बदलला पाहिजे, कारण प्रामाणिक माणसाला त्यात फारच थोडे मिळते आणि सराफाकडे जाण्याचा मोह त्यातूनच वाढतो. परंतु नियम अपुरा आहे म्हणून तो टाळण्याची मुभा आपणास मिळत नाही.

सराफाकडे हा साठा का देऊ नये, यामागे कायद्यापेक्षाही मोठे कारण आहे. कुही तालुक्यातच अडम हे गाव आहे. तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात प्राचीन तटबंदीयुक्त वस्ती आणि सातवाहन काळाचे भरपूर अवशेष मिळाले आहेत. शिशाची नाणी सातवाहनांनी मोठ्या प्रमाणावर पाडली. तेव्हा या परिसरात मडक्यात पुरलेला शिशाच्या नाण्यांचा साठा मिळणे ही किरकोळ बाब नव्हे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या दीड हजारांवर नाण्यांचा साठा सापडला होता. भंगाराच्या तराजूत त्याला काहीही किंमत नव्हती. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या नाण्यांवरील अक्षरे वाचली तेव्हा पुराणांतील वंशावळीत न आढळणाऱ्या काही सातकर्णी राजांची नावे प्रथमच समोर आली. पुराणांतील याद्या अपुऱ्या आहेत हे दाखवणारा तो पुरावा होता, आणि साठा एकत्र राहिला म्हणूनच तो वाचता आला.

साठा एकत्र राहण्याला एवढे महत्त्व का, हे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. तेथे १९०६ मध्ये क्षहरात घराण्यातील शक राजा (क्षत्रप) नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकाच ठिकाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने फिरवले, ही गोष्ट एका नाण्यावरून संशयापुरती कळली असती. हजारोंच्या प्रमाणावरून ती निर्विवाद झाली. आपल्या गोळ्यातील नाणी चार घरांत विभागली गेली, तर कोणते नाणे कोणाच्या शेजारी होते, सर्वांत उशिराचे कोणते, मडके कोणत्या घडणीचे, यांपैकी कशाचेही उत्तर नंतर कोणत्याही तज्ज्ञाला देता येणार नाही.

म्हणून आज संध्याकाळी करण्यासारखे काम असे आहे. सापडल्या जागेचा मोबाइलवरील नकाशातील बिंदू, खोली सुमारे किती वीत होती, नाणी मडक्याच्या आत होती की बाहेर सांडलेली, हे सर्व मुलाने आठवणीतून लिहून काढावे. त्याच जागी आणखी खणू नये आणि शक्य असल्यास तेवढा भाग नांगरटीतून वगळण्यास मित्राला सांगावे. गोळा आणि खापरे स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवावीत. लाकडी कपाट टाळावे, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शिसे पांढरे पडून भुरभुरते. ती पांढरी पूड विषारी असते, त्यामुळे हाताळल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांपासून डबा दूर ठेवावा. आपल्या पत्नींची भावना समजण्यासारखी आहे, तथापि हळद-कुंकू, दूध आणि तूप यांचा संपर्क कोणत्याही प्राचीन नाण्याला घातकच ठरतो.

राहिले व्हिक्टोरियाचे रुपये आणि शिवराया. वावरात कोणाच्या तरी कनवटीतून पडलेले सुटे नाणे आणि जाणूनबुजून पुरलेला साठा यांत फरक करता येतो. शिवराई तर शिवकाळानंतरही शतकभराहून अधिक काळ बाजारात चालत होती, त्यामुळे ती महाराष्ट्रातील शेतांत अधूनमधून निघतेच. तरीही हा फरक आपण आपल्या सोयीने ठरवू नये. त्याच अर्जाच्या शेवटी या नाण्यांचाही उल्लेख करावा, म्हणजे पुढे काही लपवल्याचा आरोप होणार नाही. ती परत मिळाल्यास भारतात जवळ बाळगण्यास अडचण नाही. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुराणवस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी सक्तीची आहे, तशी ती नाण्यांसाठी नाही. परदेशातील कोणी ऑनलाइन भरघोस किंमत देऊ करत असेल तर मात्र त्या संदेशाला उत्तरही देऊ नये.

प्रश्न : महालातील आमचा वडिलोपार्जित वाडा पाडताना कोनाड्यामागे भिंतीत तांब्याचा गडवा निघाला. त्यात चांदीची नाणी आहेत. काहींवर फारसी अक्षरे आहेत, बरीच पाचव्या जॉर्जची, आणि थोडी सहाव्या जॉर्जची १९४० नंतरची. आजोबांनी युद्धकाळात काही ठेवले होते असे घरात बोलले जाई. भिंत फोडणारे मजूर वाटा मागत आहेत. ही नाणी आमचीच ना? चिंचेने घासून उजळली तर चालतील का? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आजोबांच्या संदुकीत नाणी मिळाली असती तर हा प्रश्न केवळ वारसांचा राहिला असता. भिंत ही जमिनीला जोडलेली असल्यामुळे भिंतीतील गडवा कायद्याच्या दृष्टीने निधीच ठरतो आणि सूचना देणे आपणासही बंधनकारक आहे. परंतु आपली बाजू वरच्या वाचकांपेक्षा पुष्कळ भक्कम आहे, आणि तिचा पुरावा गडव्यातच आहे. कोणत्याही साठ्यातील सर्वांत अलीकडचे नाणे ज्या वर्षाचे असते, त्या वर्षाच्या आधी तो साठा बंद झालेला असू शकत नाही. आपल्याकडे १९४० नंतरचे रुपये आहेत, म्हणजे गडवा भिंतीत गेला तो त्यानंतर. निधी सापडण्यापूर्वीच्या शंभर वर्षांत आपल्या पूर्वजाने दडवला होता असे दिसत असेल, तर त्याच्या वारसांना आपला हक्क न्यायालयात सिद्ध करण्यासाठी जिल्हाधिकारी मुदत देतात. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आताच लिहून, सही घेऊन ठेवावे. वाड्याची जुनी कागदपत्रे, मालमत्ता पत्रक आणि वारसनोंद एकत्र करावीत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

आपल्या घरातील आठवण काळाशी जुळणारीही आहे. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीचे रुपये दाबून ठेवण्यास सुरुवात केली आणि नाण्यांची इतकी टंचाई झाली की १९४० मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. त्याच वर्षापासून रुपयातील चांदी सुमारे ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. म्हणून पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे रुपये सराफाला एकाच ढिगात देणे व्यवहाराच्या दृष्टीनेही नुकसानीचे आहे. फारसी अक्षरांची नाणी वेगळी ठेवावीत. फारसी लेख म्हणजे दिल्लीच्या टाकसाळीचे नाणे असे समीकरण नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील रुपयेही मोगल बादशहाच्या नावानेच पाडले जात.

मजुरांना हुसकावून लावू नये. गडवा प्रथम ज्याच्या हाती लागला त्याचे नाव सूचनेत स्पष्ट लिहावे, कारण शोधणारा म्हणून त्याचे स्थान काय हे ठरवणे आपले काम नाही. त्याला गप्प बसवण्यासाठी दोन-चार नाणी देणे हा तर सर्वांत धोक्याचा मार्ग आहे.

चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा पितळेची भांडी घासण्याची पूड यांपैकी काहीही वापरू नये. आम्लाने मळाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि घासून चकचकीत केलेल्या नाण्याला जाणकार संग्राहक कमी किंमत देतो. गडव्यावरील कठीण, गुळगुळीत हिरवा थर धातूचे रक्षण करतो, तो तसाच राहू द्यावा. फिकट हिरवी, पिठासारखी पूड मात्र क्षारांमुळे चालू असलेल्या गंजाची खूण असते. ती दिसल्यास वस्तू कोरड्या डब्यात ठेवून तज्ज्ञाला दाखवावी. नाणी ठेवण्यासाठी बाजारात मिळणारे मऊ पीव्हीसीचे अल्बम टाळावेत, कारण काही वर्षांनी ते चिकट होतात आणि चांदी-तांब्याला खातात.

प्रश्न : आमच्या शेतात सात हंडे असल्याचे एका जाणकाराने सांगितले. यंत्रानेही आवाज दिला. अमावास्येला पूजा करून ते काढू, पण आधी खर्चाची रक्कम द्या, असे तो म्हणतो. — एक शेतकरी, उमरेड तालुका

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. मेटल डिटेक्टर नांगराच्या तुटलेल्या फाळाला, खिळ्याला आणि दारूच्या बाटलीच्या बुचालाही आवाज देतो. साधे यंत्र नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच ओळखते, आणि हंड्यांची संख्या तर कोणतेच यंत्र सांगत नाही. गुप्तधनाच्या नावाखालील अघोरी प्रकार हा महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालील गुन्हा आहे. पूजेसाठी माणसाचा किंवा मुलाबाळांचा बळी देण्याचा विषय निघाला तर त्या क्षणी ११२ वर कळवावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. इंग्लंडमधील छंदिष्टांची चित्रफीत पाहून डिटेक्टर घेतला. जुनापाणी, माहुरझरी, मनसर येथे तो चालवावा असा विचार आहे. वरवरचेच खणीन. — एक विद्यार्थी, काटोल रोड, नागपूर

उत्तर : कृपया तेथे यंत्र घेऊन जाऊ नये. काटोल रस्त्यावरील जुनापाणीची सुमारे तीनशे शिळावर्तुळे ही लोहयुगातील दफने आहेत आणि ती संरक्षित आहेत. संरक्षित स्थळाची हानी केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वरवरचे खणणे हेच येथे अधिक नुकसान करते. विदर्भातील या दफनांत लोखंडाची अवजारे आणि घोड्याच्या साजाचे भाग मृताजवळ विशिष्ट जागी ठेवलेले आढळतात. यंत्राचा आवाज ऐकून एक लगाम उपसला की तो घोड्याच्या तोंडाशी होता की माणसाच्या पायाशी, हे कायमचे पुसले जाते. आपण पाहिलेल्या चित्रफितींतील देशातही संरक्षित स्मारकांवर विनापरवाना यंत्र चालवणे गुन्हाच आहे, आणि तेथील कायद्यात बसणारा निधी चौदा दिवसांत कळवावा लागतो. चित्रफितीत हा भाग सहसा दाखवत नाहीत. जे स्थळ संरक्षित नाही, परंतु जेथे पांढरीचे (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचे) टेकाड, रिठी (उजाड) गावठाण किंवा विखुरलेली खापरे दिसतात, तेथेही हाच नियम स्वतःला लावून घ्यावा.

आपल्या उत्साहाला नागपुरात जागा नाही असे मात्र नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा स्वतंत्र विभाग आहे. तेथील प्राध्यापकांना भेटून सर्वेक्षणात किंवा उत्खननात सहभागी होता येईल का, असे विचारावे. नाणी वाचायला शिकायचे असेल तर १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, वही घेऊन जावे. यंत्र वापरायचेच असेल तर स्वतःच्या घराच्या अंगणात किंवा मालकाच्या लेखी परवानगीने अलीकडच्या भरावाच्या जमिनीवर, हरवलेली अंगठी किंवा किल्ली शोधण्यासाठी ते वापरावे. नागपूरच्या पश्चिमेकडील काळ्या मातीत आणि बेसाल्ट दगडात लोहखनिजाचे कण असल्यामुळे यंत्र विनाकारण बोलते. जमिनीनुसार त्याचा समतोल साधण्याचा सराव तेथेच होईल. कामठीच्या लष्करी छावणीच्या आसपास तर मुळीच जाऊ नये. आणि कोठेही गोळ्याच्या किंवा नळीच्या आकाराची, गंजलेली जड वस्तू दिसली, तर ती हलवू नये, तिच्यावर फावडे मारू नये, मागे सरून पोलिसांना कळवावे.